जुन्या गाठीची बाई

मुतखडा शोधताना माझ्या मूत्रपिंडावर चरबीची गाठ दिसली होती. ती साधीच आहे ना, हे आज कळायचं होतं. जळगावच्या सोनोग्राफी सेंटरात मी पोटभर पाणी पिऊन भेदरून बसले होते. शेजारच्या पारोळ्याच्या बाईनं विचारलं, तसं सगळं सांगून टाकलं.

"माले बी शे ना माय! डॉक्टर म्हने, बायकास्लेच जास्त व्हस. मी दरसाल दखाडाले येस."

तेवढ्यात तिचा नंबर पुकारला. लघवी आवरत ती कशीबशी उठली आणि तिनं मलाच दाराकडे ढकललं.

"मनी गाठ जुनी शे, कोठे पळी जाई? तू जाय पहिले."

मी बाहेर आले तेव्हा ती भिंत धरून, पाय आवळून, घामाघूम उभी होती. तरी आत न जाता तिनं विचारलं, "साधीच शे ना?"

मी मान डोलावली. मगच ती आत पळाली.