मधलं पान

गोव्यात जो कोणी मोठा झाला तो पाठीमागून कुणीतरी वाक्य पुरवल्यामुळेच झाला, असं छातीठोकपणे सांगणारा एकच इसम मला ठाऊक आहे, आणि तो आमच्या हिचा मामा आहे. पेडण्यातल्या त्यांच्या गावी जत्रेला दरवर्षी देवळासमोर नाटक होतं, आणि मिसरूड फुटल्यापासून मामा तिथले प्रॉम्प्टर. सवय अशी अंगात भिनलेली की माझ्या लग्नात मी उखाणा घ्यायला उभा राहिलो, तर मामांनी मागून तो मला सबंध पुरवला. वर "सावकाश, जावयबापू, पळू नका" ही सूचनाही. मीही घाबरून ती उखाण्यातच म्हणून टाकली.

डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत औषधाच्या गोळ्या पट्ट्यांमध्ये भरायचा एक कारखाना आहे. तिथे मामा सुपरवायझर, आणि मी माणसं घडवण्याचा अधिकारी. म्हणजे पाटी तशी आहे. घडवायचे मामा, मी हजेरी बघायचो. त्यांच्या खात्यात कुणी रजेवर गेलं तरी काम अडत नसे, कारण प्रत्येकीला दुसरीची 'भूमिका' पाठ. एखादी फार तरबेज झाली की "आज तू आजारी" म्हणून तिला बाकावर बसवायचे आणि तिच्या जागी सगळ्यांत बुजरी बाई उभी करायचे. एकदा मलाही असंच आजारी पाडून माझ्या खुर्चीत शिपायाला बसवलं. दुपारपर्यंत कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मग नवं यंत्र आलं. त्याआधी एका सल्लागाराने तीन दिवस पडद्यावर बाण नि वर्तुळं दाखवून बदलाला सामोरं कसं जावं ते शिकवलं. बायका तेवढ्या चहाला सामोऱ्या गेल्या. साहेबांनी मात्र रोखठोक सांगितलं होतं. महिन्याभराने चाचणी. जुन्या बायकांनी एक पाळी यंत्र नीट चालवलं तर उत्तम, नाहीतर बाहेरून शिकलेली माणसं येतील. खाणपट्ट्यातल्या सुर्ला गावाहून येणाऱ्या सुरेखाच्या तोंडचं पाणीच पळालं. खाणी बंद पडल्यापासून नवऱ्याचा खनिज वाहणारा ट्रक दारात उभा, सगळं घर तिच्या एकटीच्या पगारावर.

मामांनी काय करावं? यंत्राचं नाटक लिहिलं! शंभरपानी वही, एका पानावर एकच कृती. रोज पाळी सुटली की जेवणाच्या खोलीत पुठ्ठ्याच्या खोक्यांचं यंत्र उभं करून तालीम. तांबडा दिवा म्हणजे खुद्द मामा, डोक्यावर लाल रुमाल घेऊन. मला अडकलेल्या पट्टीचं काम होतं. ते मी बरं केलं, असं सगळ्या म्हणाल्या.

चाचणीच्या दिवशी साहेब समोर खुर्चीत, मामा वही घेऊन खांबाआड, आणि यंत्रापाशी सुरेखा. निम्मी पाळी सरली आणि खराखुरा तांबडा दिवा लागला. पट्टी अडकली होती. सुरेखाने यंत्र थांबवलं. तेवढ्यात मामांनी घाईघाईत दोन पानं एकदम उलटली.

"चालू कर," खांबाआडून आवाज आला.

पट्टी अजून आतच होती. सुरेखा आजवर मामांच्या शब्दाबाहेर गेलेली नव्हती. तिने मागे न बघता फक्त हात वर केला.

"थांबा मामा. मधलं पान राहिलं."

तिने झाकण उघडलं, पट्टी काढली, झाकण लावलं आणि यंत्र सुरू केलं. पाळी संपेपर्यंत ते पुन्हा थांबलं नाही. साहेब उठून टाळ्या वाजवायला लागले. सगळ्या बायका कामावर राहिल्या, नव्या मुलींना शिकवायचं काम सुरेखाकडे आलं, आणि मामा साखळी गावाला जाणाऱ्या बसमध्ये ओळखीच्या-अनोळखी सगळ्यांना सांगत सुटले, "माझी चूक धरली तिनं, साहेबांदेखत!" एवढे खूश मी त्यांना स्वतःच्या पोरीच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते नेहमीच्या वेळी आले आणि त्याच खांबाआड उभे राहिले. वही आणलीच नव्हती, त्यामुळे हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना. समोर सुरेखा नव्या मुलींना एकेक कृती सांगत होती, आणि ती बोलून झाली की तेच वाक्य मामा तिच्यामागून ओठांतल्या ओठांत म्हणत होते.