सरळ केलेल्या तारा

वेडंवाकडं ठेवलेलं काही मला बघवत नाही. हा गुण आहे, असं मी लग्न होऊन राजेश्वर गावी आल्यावरही बरीच वर्षं समजत होते.

निजामाचं राज्य होतं. आमच्या घरी मोटार होती. सासऱ्यांचा तूर-ज्वारीचा व्यापार, पण माल बैलगाडीनंच जायचा. मोटार लोकांनी बघावी म्हणून होती. तिला पेट्रोल हुमनाबादहून डब्यांतून यायचं, आणि चालवायला बिदरचा एक ड्रायव्हर होता. पन्नाशीचा, कमी बोलणारा, पाच लेकरांचा बाप.

खंडेनवमीला घरातलं राबणारं सगळं लोखंड धुऊन-पुसून पुजायचं आणि दिवसभर वापरायचं नाही, अशी रीत. विळीसुद्धा पूजेला बसायची, त्यामुळे न चिरता जे शिजेल तेच जेवायचं. मोटार उभी, म्हणून ड्रायव्हर गावी गेला. मोटारीची पूजा थोरली सून म्हणून माझ्याकडे आली.

बाहेरून पुसून झाली. मग वाटलं, नांगराचा फाळ आपण चिखल काढून धुतो, मग हिचंच पोट मळकं का ठेवायचं? झाकण उचललं. आत एका गोल टोपीतून चार काळ्या तारा निघून ओळीनं बसवलेल्या चार खुंट्यांकडे गेल्या होत्या. पहिल्या दोन सरळ. पुढच्या दोन मात्र एकमेकींना ओलांडून. सणासुदीचा हा गुंता मला पटला नाही. गडीमाणसाला कसली आलीय टापटीप, म्हणत मी त्या दोन्ही उपसल्या, पुसल्या आणि एकमेकींना न ओलांडता सरळ बसवल्या. चौघींना हळदकुंकू लावलं. फार छान दिसत होतं. अजूनही माझं तेच मत आहे.

दुसऱ्या दिवशी दसरा. सोनं लुटायला शिवेवर जायचं होतं आणि सासऱ्यांनी तहसीलदारांना मुद्दाम बोलावून मोटारीत शेजारी बसवलं होतं. ड्रायव्हर दुपारी परतला. पूजा मोडू नये म्हणून त्यानं झाकण उघडलं नाही. मोटार सुरू झाली ती हिवताप आल्यासारखी थडथडत. वेशीपाशी मागच्या नळीतून बंदुकीसारखा बार निघाला. मग दुसरा. सजवलेले बैल दावी तोडून पळाले. तहसीलदार खाली उतरले आणि चालू लागले, त्यामुळे सासऱ्यांनाही भरजरी फेटा बांधून पायीच जावं लागलं. इतका चांगला दसरा गावानं पूर्वी पाहिला नव्हता, असं लोक पुढे पुष्कळ दिवस सांगत.

मोटार ढकलत अंगणात आणली. ड्रायव्हरनं झाकण उघडलं आणि हळदकुंकू लावलेल्या तारांकडे तो बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं दोन तारांची अदलाबदल केली, आणि मोटार गुमान चालू झाली.

"झालं काय हुतं?" सासऱ्यांनी विचारलं.

"बारी चुकी थी, मालिक. एक, दो, फिर चार, फिर तीन. ऐसीच बारी है इसकी."

त्यानं समजावून सांगितलं ते असं. इंजिनात चार भांडी, प्रत्येकावर ठिणगीची एक खुंटी. पेट्रोलची वाफ दाबली गेली की त्याच क्षणी ठिणगी पडायला हवी. पहिल्या-चौथ्याचे दट्टे बरोबरीनं वर येतात, दुसऱ्या-तिसऱ्याचे बरोबरीनं. म्हणून दुसऱ्यानंतर लगेच तिसऱ्याची पाळी येऊच शकत नाही. चौथ्याची ठिणगी तिसऱ्यात पडली, तर तिसरं अजून तयार नसतं, आणि चौथ्यातली वाफ न जळता जाऊन नळीत भडकते. रोज असं चालवलं तर इंजिन खिळखिळं होतं. मोटार ज्याची आहे त्याला एवढं ठाऊक असावं, असंही तो अदबीनं म्हणाला.

"मग तारा चुकीच्या लावल्या कुणी?"

कुंकू कुणाच्या बोटांचं, हे त्याला कळलेलं होतं.

"गलती मेरीच है, मालिक."

"किल्ली ठेव. उद्यापासून यिऊ नको."

त्यानं किल्ली ओट्यावर ठेवली. मी दाराआड उभी होते. आमच्या घरी सासऱ्यांसमोर सुनेनं तोंड उघडायचं नसे. सहा वर्षांत मी उघडलं नव्हतं. त्याची पाच लेकरं डोळ्यांसमोर आली, आणि त्याचा रागही आला. माझी चूक अंगावर घ्यायला याला सांगितलं कुणी?

"त्यांची चुकी न्हाई," मी आतूनच म्हणाले. "तारा म्या बदलल्या, पूजा करताना."

सासऱ्यांनी दाराकडे पाहिलं नाही. सासूबाईंकडे पाहिलं.

"कोण बोलायलंय?"

"थोरली सून."

मग सासऱ्यांनी किल्ली उचलून ड्रायव्हरच्या हातात दिली आणि पाय धुवायला निघून गेले.

ड्रायव्हरची नोकरी वाचली, याचा मला आनंद झाला. पण सहा वर्षं रोज दोन्ही वेळा सासऱ्यांच्या ताटात मी भाकरी वाढत होते. आणि कोण बोलतंय, हे त्यांनी रागानं विचारलं नव्हतं. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं.