देवकाबाईचा चुलीवरचा चहा

देवकाबाईच्या घरातला गॅस म्हणजे सासुरवाडीला आलेला जावई. मान मोठा, काम काही नाही. शेगडीवर विणलेला रुमाल, रुमालावर स्टीलचा डबा. पाहुणा आला की रुमाल निघतो, चहा होतो, रुमाल परत. रोजची भाकर-भाजी मागच्या छपरीत चुलीवर, पऱ्हाटीच्या जाळावर. कापूस वेचून झाला की वाळलेली पऱ्हाटी शेतात फुकट उभी असते, सिलिंडर कोणी फुकट देत नाही. हिंगणीच्या अलीकडचं आमचं गाव, घरोघरी हीच तऱ्हा. पाहुण्याला चुलीवरचा चहा दिला तर गावात तोंड दाखवायला जागा नाही.

मी गावात कष्टकऱ्यांची संघटना चालवतो, देवकाबाई तिच्यातली सगळ्यात जुनी बाई. आवाज असा की बोरधरणाच्या भिंतीवरून हाक मारली तर गावातली बकरी मागं वळून पाहील. तिची धाकटी जाऊ पंचफुला. लग्न होऊन आली तेव्हा देवकाबाईनंच तिला भाकर थापायला शिकवलं. आता पंचफुलाला अंगण झाडता झाडता दोनदा बसावं लागतं. छातीतून शिट्टी वाजते. दवाखाना म्हटलं की म्हणते, "मले काय झालं व बाई? सर्दी होय."

म्हणून विद्यापीठाचे लोक चुलीच्या धुराचा अभ्यास घेऊन आले तेव्हा देवकाबाईनं एकच विचारलं, "फुप्फुस तपासाची मशीन गावात येईन का?"

"जिथं धूर जास्त, त्या गावात आधी," योगेंद्र सर म्हणाले. ते या अभ्यासाचे प्रमुख.

मी त्यांना रोखठोक सांगितलं होतं, आम्ही काही तुमच्या प्रयोगाचे उंदीर नाही. आमच्या बाया तुमच्यासोबत घरोघरी जातील, अन् आमच्याबद्दल जे लिहाल ते छापायच्या आधी गावाला वाचून दाखवाल. सर कबूल झाले. माणूस भला, पण शर्टाची इस्त्री मोडू नये असा बसतो.

देवकाबाईच्या गळ्यात ओळखपत्र आलं. सोबत ऋचा, विद्यापीठाची पोरगी, पायात चिखल लागला तरी हसणारी. अन् इथंच, पाहुणी येणार म्हटल्यावर मशीनचं विसरून, आमच्या देवकाबाईनं घोटाळा केला. पाहणीच्या आदल्या दिवशी गल्लीगल्लीत फिरून बायांना दटावून आली: "उद्या शहरातली लेक येऊन राह्यली. छपरी सारवून ठेवा, राख काढा. चहा ग्यासवरच मांडजा! धुरानं तिचे डोये झोंबले तं मले सांगजा मंग!"

बायांनी ऐकलं. ऋचा ज्या घरी गेली तिथं गॅसवर चहा उकळत होता. 'स्वयंपाक कशावर करता?' या प्रश्नाला कोणती बाई पाहुणीसमोर 'पऱ्हाटीवर' म्हणेल? बाजूला देवकाबाई ओळखपत्र लटकवून समाधानानं मान हलवत होती.

महिन्याभरानं मारुतीच्या देवळासमोर अहवालाचं वाचन झालं. सरांनी वाचलं, या गावात जवळपास सगळा स्वयंपाक गॅसवर होतो, धुराचा त्रास किरकोळ. तपासणीची मशीन शेजारच्या गावात नेणं योग्य. गावाच्या अब्रूला जपणाऱ्या बापूजी पाटलांनी टाळ्या वाजवल्या. पोरांनी शिट्ट्या मारल्या. मागच्या ओळीत पंचफुलाला खोकल्याची उबळ आली ती थांबेना.

माझं डोकं फिरलं. "ओ सर, हे कागद..." म्हणून मी उठलो, तोच देवकाबाईनं माझा सदरा धरून मला खाली बसवलं.

"बसा भाऊ. तुमचं तोंड नका खर्चू. हे माह्यं काम हाये."

उभी राहिली. पदर खोचला. "सर, कागद खोटा हाये. पोरीनं खोटं नाई लिवलं, जे दाखोलं ते लिवलं. म्याच सांगतलं होतं बायांले का चूल झाकून ठेवा म्हून."



"देवका, गावाची लाज काऊन काढून राह्यली?" बापूजी तडकले.

"लाज? हे पंचफुला धुणं घेऊन उठते तं भिंत धरते. थ्या भिंतीले लाज नाई वाटत, बापूजी, मले वाटते!" मग सरांकडं वळून, आवाज एकदम खाली आणून, "चला सर, चहा प्यायले. आज चुलीवर."

गेलो सगळे. छपरी एवढीशी. देवकाबाईनं पऱ्हाटी घातली, फुंकणीनं फुंकर मारली, अन् धूर असा उसळला की सरांच्या चष्म्यामागून पाणी वाहू लागलं. इस्त्रीचा शर्ट विसरून ते दारातल्या पायरीवर बसले. ऋचा मात्र चुलीजवळून हलली नाही. तिनं कप तोंडाला लावला.

"कसा झाला व माय?"

"धुरकट," ऋचा खोकत हसली. "मावशी, तुम्ही मला आधी सांगायचं होतं."

"तू मले रोजच्या चुलीचं इचारलं अस्तं तं! पाव्हणी म्हून आली, पाव्हणीवाणी बसली, म्या पाव्हणीले चहा पाजला."

ऋचानं कान पकडले. तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारीण ओरडली, "ओ ताई! माह्या घरी या! देवकाची चूल कायची धूरते? माही पाहा!" तिच्या पलीकडची म्हणाली, तिच्या छपराला तर धुराचं डांबर लटकतं. आदल्या महिन्यात चुली लपवणाऱ्या बाया आता दाखवायला भांडत होत्या. संध्याकाळपर्यंत ऋचाच्या पोटात अर्ध्या गावाचा धुरकट चहा गेला, अन् सरांनी स्वतः पहिला अहवाल फाडून पिशवीत टाकला.

मशीन आमच्या गावात आली. शाळेच्या खोलीत रांग लागली. पंचफुला येईना, देवकाबाईनं तिला हाताला धरून आणलं. डॉक्टरीणबाई नळी तोंडात देऊन म्हणाल्या, "जोरात, लांब फुंका." पंचफुला घाबरून कुजबुजल्यासारखी फुंकली. काटा जागचा हलला नाही.

देवकाबाई तिच्या कानाशी वाकली. "पंचफुले, चूल इझून राह्यली. वावरातून माणसं जेवाले येऊन राह्यले. फुंक!"

पंचफुलानं डोळे मिटले अन् आयुष्यभराच्या सवयीनं फुंकर मारली. काटा अर्ध्यातच थांबला. डॉक्टरीणबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला, म्हणाल्या, औषध सुरू करू, बरं वाटेल, पण चुलीपासून लांब राहायचं.

पंचफुलानं जावेकडं पाहिलं. "अन् सैपाक?"

"माह्या ग्यासवर करजो," देवकाबाई म्हणाली. "रुमाल म्या सकायीच काढला."