शेवटच्या रांगेतला हात

रेल्वे कॉलनीतला जुना हॉल नवा करून उघडला, आणि ताज्या रंगाच्या वासाने बाबांची तालीम आठवली. गणपतीतलं नाटक होतं, पडदे नुकतेच रंगवलेले, माइक नव्हता. स्टेजवरून बाबांनी विचारलं, "आयकू येऊन राह्यलं का?" शेवटच्या रांगेत माझ्याशेजारी बसलेल्या आईने हात वर केला. बाहेरून मालगाडी धडधडत चालली होती.

"आई, तुले खरंच आयकू आलं?"

"नाही. पण हात नाही दिसला त अडून बसतीन ते."

आता भिंती अशा केल्या आहेत की गाडी ऐकूच येत नाही. मराठी नाटक बसवणारंही कुणी उरलं नाही. स्टेजवर चढून मी बाबांसारखंच विचारलं. पहिल्या रांगेतून माझा मुलगा म्हणाला, "पापा, माइक है ना."

शेवटच्या रांगेत खोटा हात वर करायलाही कुणी नव्हतं.