केरबामामांची पांदण

केरबामामांचं ग्रामसभेतलं वाक्य ठरलेलं होतं. विषय पाण्याच्या टाकीचा असो, शाळेच्या पत्र्यांचा असो, सगळ्यांचं बोलून झालं की दाराजवळ बसलेले मामा सावकाश उठायचे आणि म्हणायचे, "बाकी समदं बराबर हाय. आमच्या पांदणीचं काय?" पोरं हसायची. सरपंच "बघू, बघू" म्हणायचे. मामा मान हलवून खाली बसायचे. रागावलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही. दमलेलं मात्र पुष्कळदा पाहिलं.

आमचं गाव बिलोली तालुक्यात, अगदी शिवेवर. ओढा ओलांडला की तेलंगण. मामा बौद्ध वस्तीतले. उमरीला एका शाळेत क्लार्क होते, रिटायर होऊन गावात परतले. वस्तीपासून त्यांच्या स्मशानापर्यंत पूर्वी बैलगाडी जाईल एवढी पांदण होती. दोन्हीकडच्या शेतकऱ्यांनी दर नांगरटीला नांगराच्या एकेका सरीएवढी आत घेत ती खाऊन टाकली. उरला तो पाऊलभर धुरा, दोन शेतांमधला बांध. त्यातली बरीचशी पांदण ज्यांच्या शेतात गेली ते अण्णा, माझे सख्खे चुलते.

हेच अण्णा पुढे आमच्या कृती समितीचे अध्यक्ष झाले. गाव तेलंगणात सामील करा, ही मागणी. मीही त्या समितीत होतो. अण्णा काही खोटं बोलत नव्हते. ओढ्यापलीकडे गुळगुळीत डांबर, आणि आमच्याकडे बाळंतिणीला बिलोलीला न्यायचं तर रस्ताभर खड्डे. निवेदनं दिली, मोर्चे काढले, उपोषणाला बसलो. साहेब यायचे, चहा प्यायचे, "तुमच्या भावना वर कळवतो" म्हणायचे आणि जायचे. वर म्हणजे नेमकं कुठं, हे विचारायचाही पुढे कंटाळा आला.

शेवटी ठरावाची ग्रामसभा भरली. ठराव एकमतानं झाला तरच वजन पडणार, असं अण्णांचं म्हणणं. अण्णा तासभर बोलले. मग मामा उठले. पोरांनी आधीच तोंडावर हात ठेवले. पण त्या दिवशी मामांनी वाक्य बदललं.

"अण्णा, तुमची नाराजी खोटी न्हाई. त्याच खड्ड्यातून मी बी बिलोलीला जातो. पर एक सांगा. मुंबईवाले आपलं ऐकत न्हाईत म्हणून आपून राज्य सोडायचं. तुमी आमचं ऐकत न्हाई. मग आमी काय सोडावं?"

अण्णा समजुतीनं म्हणाले, "केरबा, तिकडं गेल्यावर तुझी पांदण बी होईल. तिकडचं सरकार पैसा देऊन राहिलंय."

"पांदण पैशापायी न्हाई गेली, नांगरापायी गेली. नांगर तिकडं बी तुमच्यासंगंच येणार की." मामांनी वस्तीतल्या माणसांकडे हात केला. "आदी पांदण मोकळी करा. त्याच दिवशी वस्तीचे समदे हात वर करतो."

हात काही वर झाले नाहीत. "एका पांदणीपायी गावाचं नशीब अडवून धरलंय," असं अण्णा घरी येऊन जेवताना म्हणत राहिले. ठराव बहुमतानं गेला आणि कुठल्याशा टेबलावर पडून राहिला.

एकदा मी मामांना विचारलं, "मामा, मनातून तुम्हाला तिकडं जायचंच नाही का?"

"कशाला जाऊ बाबा? माझं भांडण हितलं हाय. सोडून गेलेल्याचं कोण ऐकतंय? आन् खरं सांगू का, लई थकून राहिलो. आता नवी कचेरी, नवा साहेब, पुन्हा पहिल्यापासून पांदणीचं इचारायचं. त्ये बी तेलगूत." आणि बोळकं उघडून हसले. मला काही हसू आलं नाही.

गेल्या भादव्यात मामा गेले. चार दिवस पावसाची झड लागलेली. धुरा चिखलात बुडालेला, सोयाबीन कंबरेला आलेलं आणि रानडुकरांसाठी अण्णांनी शेताला विजेच्या झटक्याची तार ओढलेली. मामांची मुलगी सुमन नांदेडला नर्स आहे, ती आली होती. मी म्हणालो, "ताई, अण्णांना विचारतो. तार काढतील, शेतातून नेऊ."

"नको दादा. बाबा जन्मभर इचारत राहिले. आज मी न्हाई इचारणार."

मग तिरडी टेम्पोत ठेवली. टेम्पो ओढ्यावरचा पूल ओलांडून तेलंगणात गेला. पलीकडचं डांबर मोठा वळसा घेऊन आमच्या शिवारात, स्मशानाच्या मागच्या अंगाला परत येतं. राज्य सोडायला हात वर न केलेला माणूस शेवटच्या वाटेला परराज्यातून निघाला होता. रस्ता इतका चांगला की तिरडी जरासुद्धा हलली नाही. मला कुठल्याच सरकारबद्दल काही वाटेनासं झालं होतं.

पोचलो तर स्मशानात अण्णा आधीच येऊन उभे. डोक्यावर टोपी नाही, धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेलं, त्याला सोयाबीनची पानं चिकटलेली. स्वतःच्या शेतातून सरळ चालत आले होते.

सुमननं त्यांच्या पायांकडे पाहिलं. मग मागं, सोयाबीनमध्ये पडलेल्या वाटेकडे पाहिलं.

"रस्ता हाय की मग, अण्णा," ती म्हणाली.