ग्योक मावशीचा कौल

लुकांगच्या देवळात कौलाची लाकडं ग्योक मावशी आतून पोखरून ठेवते, अशी अख्ख्या बाजारात बोंब आहे. साफ खोटं. लाकडं सरळ आहेत. देवळाची झाडलोट करणारी ही मावशी प्रश्न वाकवते. मासेवाल्या बुनने विचारलं, "आईला वृद्धाश्रमात ठेवलं, ते चुकलं का?" दोन लाकडं जमिनीवर टाकली: एक पालथं, एक उताणं, म्हणजे देवीचा होकार. मावशी बुनवरच खेकसली, "अरे ठोंब्या, असं विचारतात होय? 'आईला तिथं सोबत मिळते ना?' असं विचार!" पुन्हा होकार. पापाचं पुण्य झालं आणि बुन शीळ घालत घरी गेला.

मग मावशीचीच सून भांडून माहेरी गेली. सासूने चूक कबूल केल्याशिवाय येणार नाही, असा तिचा निरोप आला.

देवळाच्या दारात धूप विकणारी मी म्हटलं, "मावशी, आता तुम्हीही प्रश्न फिरवणार. पैज!"

"लाव. हरेल त्याने महिनाभर धूपदानाची राख काढायची."

मावशीने गुडघे टेकले. "देवी, दोष माझाच ना?"

दोन्ही लाकडं पालथी. म्हणजे नाही!

"सुटलात की! उठा आता."

"गप्प बस गं. ही देवी इथं बसलेली, हिला माझ्या स्वयंपाकघरातलं काय माहीत?"

एक शब्द न बदलता तिने तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला. सहाव्या खेपेला देवीने हात टेकले. मावशीने तिथूनच सुनेला फोन लावला. "ये गं. चूक माझीच."

आज राख काढायचा माझा चौथा दिवस.