आधी शिक्का, मग अक्षरं

"आधी पंखा बंद कर."

दारात चप्पल काढतानाच काकूंचा हा हुकूम कानावर यायचा. सिडकोतल्या आमच्या गल्लीत भर मे महिन्यात पंखा बंद करायला लावणारं ते एकच घर. टेबलावर टपालाची जुनी तिकिटं उघडी असायची, आणि तिकीट उडायला फुंकरही पुरते. मी तर एकदा तिथं शिंकलो होतो. त्यानंतर काकू आणि मी सोफ्याखाली रांगत होतो, ते दृश्य तुम्ही पाहिलं नाहीत हे माझं नशीब.

काकू शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या. पहिल्या महायुद्धात परदेशी गेलेल्या हिंदी फौजेसाठी नेहमीच्याच तिकिटांवर तीन काळी इंग्रजी अक्षरं छापली होती. पुढं साध्या तिकिटांवर तशीच अक्षरं उमटवून विकणारे महाभागही निघाले. खरं कुठलं, खोटं कुठलं, ते काकू सांगायच्या. फुकट, वर चहा. त्यांच्या गुरुजींनी दिलेलं एक तिकीट होतं, तो त्यांचा नमुना. आलेलं तिकीट त्याच्याशेजारी ठेवायचं आणि अक्षरं ताडून बघायची. तोवर आणणारा घामानं निथळत असायचा. उकाड्यानं की भीतीनं, कोण जाणे. खऱ्याच्या पाठीवर शिसपेन्सिलीचा ठिपका, खोट्याच्या पाठीवर फुली.

माझे पणजोबा त्याच युद्धात इराकातल्या बसऱ्याच्या लढाईवर गेलेले. त्यांच्या पेटीतलं तिकीट मी छाती फुगवून नेलं.

"खोटं आहे रे. नमुन्याशी जमत नाही."

माझी जीभ नेहमीप्रमाणे डोक्याच्या आधी धावली. "काकू, नमुनाच खोटा असला तर?"

मी हसलो. एकटाच. काकूंचा हात भिंगासकट हवेतच राहिला. फुली त्यांनी मारली नाही.

"तिकीट राहू दे इथंच. जा तू आता."

मग पडदे ओढलेले राहू लागले. कुणी आलं की "डोळा दुखतोय" म्हणून दारातूनच परत. एके दिवशी मला जिन्यात गाठून त्या दबक्या आवाजात म्हणाल्या, "गुरुजींनी दिलेलं, म्हणून त्याची परीक्षा मी कधी केलीच नाही रे. आता करायला हात पुढं होत नाही. तू शेजारी बस."

पंखा मीच बंद केला. काकूंनी नमुन्यावर भिंग धरलं. त्यावर टपालाचा गोल शिक्काही होता. खरं असेल तर आधी तिकिटावर अक्षरं छापणार, मग ते पत्राला लागणार, आणि शिक्का सगळ्यात शेवटी, अक्षरांच्या वर बसणार.

"अक्षर शिक्क्याच्या रेघेवरून गेलंय," काकू म्हणाल्या. "आधी शिक्का, मग अक्षरं. वापरलेल्या तिकिटावर कुणीतरी नंतर छापलंय."

"म्हणजे माझं..."

"तुझं खरं असेल. पण ज्यांना ज्यांना मी फुली मारली, त्यांचं काय?"

त्यांनी नंबरांची वही माझ्यापुढं सरकवली आणि फोन मलाच लावायला लावला. पहिला वेरूळच्या एका शेतकऱ्याला.

"दादा, ते आजोबांचं तिकीट परत घेऊन येता का? माझी चूक झाली असेल."

"ते व्हय? तुमी खोटं म्हणलात, तवाच चुलीत टाकलं की मॅडम. नकली चीज घरात कशाला ठिवायची? आज्याचं म्हणून लई जपलं होतं."

काकूंनी डोळे मिटले. संपलं सगळं, असं वाटून फोन घ्यायला मी हात पुढं केला.

"माफ करा दादा," त्या फोनमध्ये म्हणाल्या. मग मला, "पुढचा लाव."

लोक तिकिटं घेऊन येत राहिले, आणि काकू आता नमुन्याशिवाय, शिक्का आणि अक्षरं बघून ती पुन्हा तपासायच्या. कुणी समजून घेतलं, कुणी जिन्यातूनच तोंडसुख घेतलं. बेल वाजली की काकू अंग चोरायच्या, आणि उठून दार मात्र स्वतःच उघडायच्या.

गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या. माझ्यासाठी एक पाकीट ठेवलं होतं. ते उघडण्याआधी मी उठून पंखा बंद केला. आत पणजोबांचं तिकीट होतं, पाठीवर ठिपका. आणि सोबत तो नमुना. त्याच्या पाठीवर गुरुजींचा पुसट ठिपका, आणि त्या ठिपक्यावर काकूंची फुली. रेघ थरथरलेली आहे, पण पेन्सील अशी दाबलेली, की कागद फाटायचा तेवढा राहिलाय.